हळदीकुंकवाला न बोलावलेल्या

पत्र्याच्या दारावर पेनाच्या टोकाने दिलेले तीन ठोके, आणि त्यामागून येणारी घोगरी, जराशी वैतागलेली, तरीही मायाळू हाक : "आहे का गं कोण घरात?" घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत हिवाळ्याची सकाळ माझ्या लेखी याच आवाजाने सुरू होत असे. खाडीच्या बाजूने वर येणारं कोवळं ऊन आधी माथ्यावरच्या पाण्याच्या टाक्यांवर पडे आणि मग एकेक पायरी करीत सावकाश खाली उतरे. यमुनाताई मात्र नेमक्या उलट्या दिशेने, पायथ्याकडून माथ्याकडे, खांद्याला कापडी पिशवी अडकवून चढत असत. अर्ध्या वाटेवर कुठेतरी त्यांची आणि उन्हाची गाठ पडे. तिथे त्या क्षणभर थांबत, पदराने कपाळ टिपत आणि पुढच्या दाराकडे वळत.

त्या आमच्या आरोग्य केंद्राच्या स्वयंसेविका होत्या. मी त्याच केंद्रात, पायथ्याशी, नोंदी ठेवणारी बाई. त्यांचं काम पायांचं, माझं खुर्चीचं. त्या दारोदार फिरून बायकांना तपासणीसाठी गोळा करून आणत आणि मी त्या बायकांना रकान्यांत बसवत असे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना अहोजाहो करी. त्या मला 'मॅडम' म्हणत आणि त्याच दमात 'तू'ही म्हणत. "मॅडम, तू जेवलीस का?" हे वाक्य मुंबईबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. मला त्यात कधी काही खटकलं नाही.

उंच, काटक, सावळ्या. सुती साडी, खांद्यावर घट्ट पिन, उजव्या मनगटावर स्टीलचं घड्याळ, डावा हात रिकामा. ऑक्टोबरच्या उन्हात डोंगराचा सारा कातळ तापून निघे, गल्लीतली कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेची ओल शोधत, तेव्हाही त्यांची चाल मंदावत नसे. वडील परतूरकडून पोट भरायला आलेले, रस्त्याच्या कामावर डांबर ओढणारे. आई लवकर गेली. धाकटे तीन भाऊ यमुनाताईंनी वाढवले, शिकवले, त्यांची लग्नं लावून दिली. आणि या सगळ्या धांदलीत, गॅसवर दूध राहून जावं तसं, त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. त्या हे असंच सांगत, दूध वगैरे म्हणून, आणि हसत. त्या हसण्यात खंत होती की नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आमच्या कामातला सगळ्यांत अवघड भाग म्हणजे बाईला त्या पडद्यामागच्या टेबलावर झोपायला राजी करणं. मूल होताना झोपलेली बाई पुन्हा आयुष्यात तिथे झोपायला तयार नसते. अंगावरून जातं, खाज सुटते, कंबर भरून येते, हे सगळं ती ओट्याशी उभ्या उभ्या सोसते आणि कुणी विचारलंच तर 'गरम पडलं असेल' म्हणून मोकळी होते. यमुनाताई अशा बाईच्या उंबऱ्यावर बसून राहत. तिच्या शेंगा सोलून देत, तिचा तांदूळ निवडून देत, आणि मग मान वर न करता म्हणत, "लाजून मरशील बघ. त्यापेक्षा दाखव आणि जग. सिस्टर पण बाईच आहे, तिला काय वेगळं असतं काय?" बाई तोंडाला पदर लावून हसे. तिथेच अर्धं काम झालेलं असे.

तरीही शिबिराला गर्दी होत नसे. वरून विचारणा होई, आकडे मागितले जात, आणि मला उत्तर सुचत नसे. एका वर्षी मला कल्पना सुचली, आणि खोटं कशाला सांगू, तिचा मला फार अभिमान वाटला. संक्रांतीनंतर वस्तीतल्या कोकणातल्या बायका मोठं हळदीकुंकू करत. पूर्वीच्या गिरणी कामगारांच्या सुना-लेकी त्या, हौसेत कुठे कमी नव्हत्या. मी म्हटलं, आपण शिबिर त्याच दिवशी, त्याच मंडपात ठेवू. एका बाजूला हळदीकुंकू, दुसऱ्या बाजूला पडदा लावून तपासणी. आधी तपासणी, मग वाण. वाण म्हणून स्टीलची डबी. मंडप तुडुंब भरला. बौद्ध वस्तीतल्या, एरवी हळदीकुंकवाकडे न फिरकणाऱ्या बायकासुद्धा, "कुंकू नको, डबी दे" म्हणत रांगेत उभ्या राहिल्या. गजरे, काठपदरी साड्या, तिळाचा वास, आणि पडद्याआडून येणारा सिस्टरचा आवाज : "पाय जरा सैल सोड, बाळा." वरून माझं कौतुक झालं. पुढच्या वर्षी आजूबाजूच्या केंद्रांनीही तसंच केलं.

त्या गर्दीत कोण आलं नाही, हे पाहायला मला सवड नव्हती. भरलेल्या मंडपात रिकाम्या जागा दिसत नाहीत. यमुनाताईंना दिसल्या असाव्यात, कारण दुसऱ्या वर्षी त्यांनी मला एकदा हळूच विचारलं होतं, "मॅडम, वरच्या गल्लीतली एक विधवा बाई विचारत होती, तिने आलं तर चालेल का?" मी नोंदी लावत होते. म्हटलं, "न चालायला काय झालं? सांगा तिला, तपासणी सगळ्यांना आहे." यमुनाताई नुसतं 'बरं' म्हणाल्या. ती बाई अर्थातच आली नाही. हळदीकुंकवाच्या मंडपात, शंभर सवाष्णींच्या डोळ्यांदेखत, मोकळ्या कपाळाने कोण येईल? मी स्वतः कोकणातली, माझ्या आईला वैधव्यानंतर अशा दिवशी मागच्या खोलीत बसलेलं पाहिलेली. मला हे कळायला हवं होतं. नाही कळलं.

त्या दुसऱ्या वर्षीच्या हळदीकुंकवाच्या संध्याकाळी, मंडप रिकामा होत आला होता, सिस्टर हातमोजे काढून साबणाने हात धूत होती, कनातीच्या कापडातून उतरतं केशरी ऊन जमिनीवर सांडलं होतं. यमुनाताई दिवसभर उभ्या होत्या. त्या माझ्या टेबलापुढच्या खुर्चीत येऊन बसल्या, जिथे दिवसभर त्यांनी आणलेल्या बायका बसत होत्या, आणि म्हणाल्या, "माझं पण लिही गं." मी थकले होते, पण हात सवयीने चालत होता. नवा कागद ओढला, नाव लिहिलं, आणि दिवसभर विचारलेला पुढचा प्रश्न तोंडातून निघाला, "लग्नाला किती वर्षं झाली?" विचारलं आणि माझं मलाच हसू आलं. त्याही हसल्या. फॉर्मवर त्यापुढे मुलं किती, बाळंतपणं कुठे झाली, ऑपरेशन झालं का, असे एकापाठोपाठ एक रकाने होते. त्यांच्यापाशी त्यातल्या कशाचंच उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "ताई, हे तुमच्यासाठी नाहीच हो. लग्न न झालेल्यांची आतली तपासणी करतच नाहीत." त्या म्हणाल्या, "हां, ते पण आहेच," आणि उठल्या. सतरंज्या गुंडाळायला गेल्या. मी तो कागद चुरगाळला. नाव लिहिलेला कागद फाडू नये असं आई म्हणायची, म्हणून फाडला नाही.

पुढची दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. त्यातलं प्रत्येक चिन्ह मला आता स्वच्छ आठवतं, जणू कुणी तेव्हाच खूण करून ठेवली होती. त्या एका कुशीवर टेकून बसू लागल्या. मग बसेनाशाच झाल्या. चहासुद्धा उभ्याने, खिडकीच्या चौकटीला पाठ लावून. शेंगा सोलायला उंबऱ्यावर टेकायच्या त्या, आता दारातूनच बोलून पुढे सरकत. उन्हाशी त्यांची गाठ आणखी खाली, पहिल्या वळणावरच पडू लागली. मी म्हटलं, "गुडघे दाखवा." त्या म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय." मला ते पटलं, कारण ते पटवून घेणं सोपं होतं.

मार्चमधली एक दुपार. झाडांची पानं करपलेली, केंद्रात पंखा नुसताच घरघरत होता. त्या उठल्या आणि त्यांच्या साडीवर मागे मला डाग दिसला. या वयात डाग? मी माझी ओढणी त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे, औषधांच्या खोक्यांमध्ये, हजार बायकांना बोलतं करणाऱ्या त्या बाईला शब्द सापडेनात. आधी खाज होती, म्हणाल्या. कडुलिंबाच्या पाण्याने धुवायच्या, खोबरेल लावायच्या. मग बारीक गाठ आली. मग ती फुटली. "कोणाला सांगणार? डॉक्टर विचारणार, नवरा काय करतो. भावांना काय सांगू, कुठं झालंय म्हणून?" आणि मग, माझ्याकडे न बघता : "त्या हळदीकुंकवाच्या दिवशी सिस्टरला दाखवणारच होते मी."

सिस्टरला आत काही तपासावं लागलंच नसतं. ते बाहेरच होतं. तिने नुसतं पाहिलं असतं तरी पुरलं असतं. हे मला दुसऱ्या दिवशी, त्यांना तपासल्यावर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होती, आवाजात थकवा होता, पण उतावीळ नव्हती. योनीच्या मुखाशी होणारा हा कर्करोग क्वचितच दिसतो, म्हणाली. "आणि आमच्यापर्यंत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हाताऱ्या, विधवा, एकट्या बायका असतात बहुतेक. त्यांना कोणी विचारत नाही आणि त्या कोणाला दाखवत नाहीत." एखादा आजार खरोखर दुर्मिळ असतो, की तो ज्यांना होतो त्याच बायका आपल्या नजरेला दुर्मिळ झालेल्या असतात, हा प्रश्न मला तिथल्या लाकडी बाकावर बसल्या बसल्या पडला. दोन्ही थोडं थोडं खरं असावं. पण दुसरं जे आहे, त्यात आमच्यासारख्यांचा हात आहे, आणि तो नुसता दुष्टाव्याचा नाही, हौसेचासुद्धा आहे.

मग रुग्णालयातलीच एक मुलगी आली, तिच्या हातात आणखी एक फॉर्म. वय, मातृभाषा, धर्म, शिक्षण, व्यवसाय, मुंबईत किती वर्षं. यमुनाताई उभ्यानेच, भिंतीला टेकून, सराईतासारखी उत्तरं देत होत्या. जन्मतारीख एक जून. "सगळ्यांची एक जूनच असते बाळा, गुरुजींनी घातलेली. तू वय अंदाजे लिही." ती मुलगी हसली. कागदावरची ही बाई, बौद्ध, मराठी बोलणारी, सातवी शिकलेली, अविवाहित, डोंगरउतारावर राहणारी, पुढे कुणाच्या तरी अभ्यासात एक ठिपका होऊन बसेल. त्या ठिपक्याला हळदीकुंकवाचा वास येणार नाही. मला मात्र येत होता.

जांघेतल्या गाठींपर्यंत ते पोचलं होतं. शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचार. तो उन्हाळा आम्ही दोघींनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढला. सकाळी जाळीतून पडणारी उन्हाची चौकट जमिनीवरून सरकत सरकत समोरच्या भिंतीवर चढे, तेव्हा त्यांचं नाव पुकारलं जाई. जळलेल्या कातडीवर साडी सहन होईना, म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदा गाऊन घालून चारचौघांत बसल्या, म्हणजे उभ्या राहिल्या. डोंगर चढणं शक्यच नव्हतं. धाकट्या भावाने चेंबूरला आपल्या घरी नेलं. पाचवा मजला, लिफ्ट, स्वच्छ बाथरूम, सेवा करणारी भावजय. सगळं होतं. "इथं दार वाजवायला बेल आहे," त्या मला म्हणाल्या, "आणि सगळ्यांची दारं बंद." पाऊस आला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा गाठ दिसते आहे.

दिवाळीच्या सुमारास, खिडकीत भावाने लावलेला आकाशकंदील वाऱ्याने हलत होता आणि त्याचा तांबूस उजेड त्यांच्या चादरीवर मागेपुढे होत होता, तेव्हा मी कितीतरी महिने न बोललेलं बोलले. म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी तो प्रश्न विचारला नसता तर..." त्या म्हणाल्या, "तो रकाना होता. रकाना काय तू केलास?"

"रकाना नाही. हळदीकुंकू मी केलं."

मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे गं, नशीब. माणसं असंच म्हणतात, आणि मला ते ऐकायचं होतं, अगदी निर्लज्जपणे ऐकायचं होतं.

"हां," त्या म्हणाल्या. "ते मात्र तुझंच."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग म्हणाल्या, "झालं? आता कागद घे. लिही."

आणि डोळे मिटून त्या डोंगर चढू लागल्या. पायथ्याच्या पहिल्या गल्लीपासून, एकेक दार, एकेक नाव. नळाशेजारची, नवरा गेलेली. तिच्या मागच्या खोलीतली, नवऱ्याने टाकलेली, लोकांना 'गावी असतो' सांगणारी. बालवाडीत शिकवणारी, लग्न न केलेली. पिठाच्या गिरणीमागच्या दोघी बहिणी, दोघीही विधवा, एकीला ऐकू येत नाही, तिला मोठ्याने सांगायचं पण दार लावून सांगायचं. कोण सकाळी भेटेल, कुणाच्या सुनेसमोर विषय काढायचा नाही, कोण आधी शिव्या देईल आणि मग येईल. श्वास लागला की त्या थांबत, जणू खरोखरच चढण लागली आहे, आणि पुन्हा पुढच्या वळणावरून सुरू करत. माझ्या कुठल्याही नोंदवहीत नसलेल्या त्या बायका त्यांना पाठ होत्या. दोन संध्याकाळी लागल्या. माथ्यावरच्या टाकीजवळचं शेवटचं घर सांगून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता दमले," आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

डिसेंबरात त्या गेल्या. फार हाल झाले, ते मी लिहिणार नाही.

या वर्षी शिबिर मी साध्या मंगळवारी घेतलं. मंडप नाही, गजरे नाहीत, वाण नाही. फॉर्मवर लग्नाचा रकाना होता तिथे मी नवा प्रश्न लिहिला : काही त्रास होतो का. आकडा निम्म्याहून खाली आला आणि वरून मला बोलणी बसली. ती मी ऐकून घेतली. माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते कुणाला देण्याइतका जोर उरला नव्हता. यादी घेऊन मी स्वतः डोंगर चढले होते, पन्नाशीच्या गुडघ्यांनी, दर दहा पायऱ्यांवर थांबत. बहुतेकींनी दारातूनच वाटेला लावलं. एक म्हणाली, आता काय उरलंय तपासायला. दुसरीने नुसती कडी घातली. मला यमुनाताईंसारखं उंबऱ्यावर बसून राहता येत नाही. मला लगेच अपमान वाटतो.

पण द्रौपदाबाई आल्या. सत्तरीच्या, नवऱ्याने तरुणपणीच टाकलेल्या, यादीत माथ्याकडच्या गल्लीत. मला आधी त्यांनी खरंच शिव्या दिल्या. मग विचारलं, "यमुना का नाही आली?" मी म्हटलं, "त्यांनीच पाठवलंय मला." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, काय समजायचं ते समजल्या असाव्यात. आत गेल्या, लुगडं बदललं आणि काठी घेऊन निघाल्या. पायथ्यापर्यंत उतरायला आम्हाला पाऊण तास लागला.

पडद्यामागून सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, काही नाही, सगळं ठीक आहे. द्रौपदाबाई भयंकर चिडल्या. "काहीच नाही? मग एवढं उतरवलंस कशाला मला?" काठी आपटत, पुटपुटत त्या पुन्हा चढू लागल्या. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. जे नुकसान होतं ते डोळ्यांना दिसतं, कागदावर राहतं. जे टळतं त्याला चेहरा नसतो, तारीख नसते, ते कुणाच्याच आठवणीत राहत नाही. अशा काही न झालेल्या बायकांच्या रूपानेच आता यमुनाताई मला अधूनमधून भेटतात.